चोवीस तासांच्या आत

शुक्रवार, 20 जून 1975

राष्ट्रपतींच्या एका जुन्या आदेशात किरकोळ दुरुस्ती झाली. 'सहा महिने' खोडून 'बारा महिने' केले गेले. मूळ आदेश 16 नोव्हेंबर 1974 चा. तस्करीच्या संशयावरून मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्या माणसाला संविधानाच्या कलम 14, 21 आणि 22 मधल्या संरक्षणांसाठी कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. त्याला आधार होता 3 डिसेंबर 1971 ला, बांगलादेश युद्धाच्या वेळी, पुकारलेल्या आणीबाणीचा. युद्ध त्याच महिन्यात संपले. आणीबाणी उठवायची राहून गेली, आणि ती उठवा म्हणून कुणी फारसा हट्टही धरला नाही.

तस्करांची बाजू घ्यायला कोण पुढे येणार? त्यामुळे मूळ आदेशावर गदारोळ झाला नाही आणि दुरुस्तीवरही नाही. पण सात दिवसांनी जो आदेश निघाला त्यात हेच तीन आकडे होते: 14, 21, 22. 'तस्करी' तेवढी वगळली होती.

मंगळवार, 24 जून

सर्वोच्च न्यायालयाला सुट्टी होती. सुट्टीतले न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या अर्जावर निर्णय दिला. बारा दिवसांपूर्वी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या जगमोहनलाल सिन्हांनी त्यांची निवडणूक रद्द केली होती आणि सहा वर्षांची अपात्रता ठोठावली होती. अय्यर यांनी त्या निकालाला सशर्त स्थगिती दिली. पंतप्रधानपदी राहता येईल, लोकसभेत बसता-बोलता येईल, पण मतदान करता येणार नाही.

पंतप्रधानांची बाजू नानी पालखीवालांनी मांडली होती. देशाच्या पंतप्रधान एका साध्या पक्षकारासारख्या न्यायालयात दाद मागायला गेल्या आणि न्यायालयाने त्यांचे ऐकून घेतले. हे नोंदवून ठेवायला हवे. पुढच्या तीन दिवसांत ही सोय हजारोंच्या बाबतीत संपणार होती.

बुधवार, 25 जून, सकाळ

पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर रे दिल्लीत होते. त्यांना 1, सफदरजंग रोडवर बोलावणे आले. देशाला धक्का देण्याची, काहीतरी कठोर उपाय करण्याची गरज आहे, असे पंतप्रधान त्यांना म्हणाल्या. रे यांनी हे नंतर आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे साक्षीत सांगितले. रे हे नावाजलेले बॅरिस्टर. त्यांनी विचार करायला वेळ मागून घेतला.

वेळ मागणे हा त्या दिवसातला पहिला छोटा निर्णय. त्यांना नाही म्हणता आले असते. त्यांनी संविधानाची प्रत उघडली.

दुपारी साडेचारच्या सुमारास

रे परत आले. कलम 352 वापरता येईल, असा सल्ला त्यांनी दिला. परकीय आक्रमण नसले तरी 'अंतर्गत अशांतता' हे कारण त्या कलमात तेव्हा होते. एक आणीबाणी चालू असताना तिच्यावर दुसरी लादायची होती.

सायंकाळी साडेपाच

पंतप्रधान आणि रे राष्ट्रपती भवनात पोचले. फखरुद्दीन अली अहमद यांच्यापुढे सुमारे पाऊण तास परिस्थिती मांडली गेली. राष्ट्रपतींनी रीतसर शिफारस पाठवायला सांगितले.

परतताना प्रश्न निघाला मंत्रिमंडळाचा. आधी बैठक घ्यायची नाही, हे पंतप्रधानांचे ठरलेले होते. त्यावर कामकाजाच्या नियमांतला नियम 12 सापडला: निकड असेल तर पंतप्रधान नियमांना मुरड घालू शकतात आणि मंजुरी मागाहून घेता येते. तो नियम कार्यालयीन सोयीसाठी होता. त्याच्या आधारे एका रात्रीत साठ कोटी लोकांचे हक्क हातातून जाऊ शकतात, हे नियम करणाऱ्याच्या मनात आले नसणार.

सायंकाळ, रामलीला मैदान

मैदान भरलेले होते. जयप्रकाश नारायण यांनी सत्याग्रहाची हाक दिली. पोलिसांनी आणि सैन्याने बेकायदा हुकूम मानू नयेत, हे ते आधीही म्हणत आले होते, तेच त्यांनी पुन्हा सांगितले. सभा संपवून ते दीनदयाळ उपाध्याय मार्गावरच्या गांधी शांती प्रतिष्ठानमध्ये मुक्कामाला गेले. सकाळच्या विमानाने त्यांना पाटण्याला जायचे होते.

सायंकाळी साडेसात, राजनिवास

दिल्लीचे नायब राज्यपाल किशनचंद यांच्या निवासस्थानी वरिष्ठ अधिकारी जमले. पोलीस होते, मुख्य सचिव होते. विषय होता रात्री कुणाकुणाला उचलायचे. याद्या तयार होत्या. राष्ट्रपतींची सही अजून चार तास दूर होती.

इथे थोडे थांबायला हवे, कारण कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे जे घडले ते याच संध्याकाळी घडले, आणि तेही कारकुनी पातळीवर. संविधानाचे कलम 22 अटक झालेल्या माणसाला मोजक्या गोष्टी देते. तुला का पकडले ते सांगितले पाहिजे. तुला तुझा वकील भेटू दिला पाहिजे. आणि चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, तुला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. खुनाच्या आरोपीलाही हे मिळते. पोलीस ठाण्याच्या भिंतीआड काय चालले आहे ते बाहेरच्या कुणीतरी एका दिवसाच्या आत बघितले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

याच कलमाच्या तिसऱ्या खंडात अपवाद आहे. ज्याला गुन्हा केला म्हणून नव्हे, तर पुढे काही करील म्हणून धरले, त्या स्थानबद्धाला यातले काहीही लागू नाही. 15 सप्टेंबर 1949 ला डॉ. आंबेडकरांनी हा मसुदा घटना समितीत मांडला तेव्हा बक्षी टेकचंद यांच्यासारख्या कायदेपंडितांनी त्यावर कडाडून टीका केली. आंबेडकरांची अडचण वेगळी होती. कलम 21 मधून 'ड्यू प्रोसेस'ची हमी आधीच गळाली होती, आणि स्थानबद्धता कायद्यांना निदान काही कुंपण असावे म्हणून हे कलम आणले जात होते. सल्लागार मंडळ, कारणे कळवणे, मुदत, असे ते कुंपण. संविधान अमलात आले 26 जानेवारी 1950 ला, आणि बरोबर एका महिन्याने, 26 फेब्रुवारीला, पहिला प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा लागू झाला. 1971 चा मिसा त्याच वंशातला.

मिसाखाली हुकूम काढण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याला होता. त्याची स्वतःची खात्री पटली पाहिजे, ही अट होती. समोरच्या माणसाची कागदपत्रे वाचावीत, विचार करावा, मग सही करावी, हे त्यात गृहीत होते. त्या रात्री दिल्लीत हुकूम आधी निघाले आणि कारणे नंतर जमवली गेली. शाह आयोगाने हे नोंदवले आहे. माझ्या मते घात इथे झाला. सही करणाऱ्याने 'मला अजून कागद पाहायचे आहेत' एवढे म्हटले असते, तर निदान त्या रात्रीपुरता तरी कायदा शिल्लक राहिला असता.

रात्री साडेदहा

गृहमंत्री ब्रह्मानंद रेड्डी यांना पंतप्रधानांच्या घरी बोलावण्यात आले. देशातील अंतर्गत सुरक्षा त्यांच्या खात्याकडे होती. दिवसभरातल्या कशाचीही त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी राष्ट्रपतींच्या नावे पत्रावर सही केली. त्यांच्या खात्याचे सचिव या सगळ्यापासून दूर होते.

रात्री सव्वाअकरा, राष्ट्रपती भवन

राष्ट्रपतींचे सचिव के. बालचंद्रन यांना बोलावणे आले. राष्ट्रपतींनी पंतप्रधानांचे पत्र त्यांच्या हाती दिले. हे मंत्रिमंडळापुढे न्यायला आवडले असते, पण आज रात्री ते शक्य नाही, नियम 12 खाली मुभा घेत आहे, सकाळी पहिले काम म्हणून मंत्रिमंडळाला सांगेन, असा त्याचा आशय होता.

बालचंद्रन यांनी पत्र वाचले आणि स्पष्ट सांगितले की हे घटनेला धरून नाही. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. एकट्या पंतप्रधानांच्या पत्रावर 'माझे समाधान झाले आहे' असे राष्ट्रपतींनी म्हणणे बरोबर होणार नाही. मग ते खोलीबाहेर गेले, सहकाऱ्याशी बोलले, घटनेची पाने पुन्हा पाहिली.

त्या रात्री सत्तेच्या इतक्या जवळ उभे राहून कुणी अधिकाऱ्याने तोंडावर हरकत घेतल्याची ही ठळक नोंद. तिला फार तर दहा-पंधरा मिनिटांचे आयुष्य मिळाले.

रात्री पावणेबारा

बालचंद्रन परत आत आले तेव्हा काम झाले होते. पंतप्रधानांचे सहायक आर. के. धवन मसुदा घेऊन आले होते आणि राष्ट्रपतींनी त्यावर सही केली होती. तारीख पडली 25 जून.

मध्यरात्रीनंतर

बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज गेली. हुकूम नायब राज्यपालांकडून वीज कंपनीकडे तोंडी गेला होता. 'हिंदुस्तान टाइम्स' आणि 'स्टेट्समन' यांना वीज दुसऱ्या यंत्रणेकडून, नवी दिल्ली नगरपालिकेकडून मिळत होती, म्हणून ते तेवढे निघू शकले. बाकीच्या अंकांत जे छापायचे होते ते छापले गेले नाही. त्यामुळे ज्यांची नावे याद्यांत होती त्यांना वर्तमानपत्रातून सावध होण्याची संधी राहिली नाही.

पहाटे

सिद्धार्थ शंकर रे पंतप्रधानांच्या घरून निघायच्या बेतात होते. गृहराज्यमंत्री ओम मेहता यांच्याकडून त्यांना कळले की उद्या उच्च न्यायालयांना कुलूप लावायचे ठरले आहे. रे हादरले. हे करता येणार नाही, असे म्हणून ते पंतप्रधानांची भेट होईपर्यंत थांबून राहिले, आणि तो हुकूम मागे घेतला गेला.

आणीबाणीचा रस्ता दाखवणारा माणूसच पहाटे न्यायालयांच्या दारात आडवा आला, हे त्यांच्या बाजूने मान्य केले पाहिजे. 26 जूनला न्यायालयांना कुलूप लागले नाही. दहा महिन्यांनी काय झाले ते वाचताना हा प्रसंग विसरता येत नाही.

पहाटे 3 च्या सुमारास, गांधी शांती प्रतिष्ठान

पोलिसांनी दार ठोठावले. जयप्रकाशजी झोपेतून उठले. वय 72, प्रकृती तोळामासा. त्यांना संसद मार्ग पोलीस ठाण्यात नेण्यात आले. बातमी कळताच खासदार चंद्रशेखर तिथे पोचले आणि त्यांनाही अडकवण्यात आले. ते सत्ताधारी पक्षाचेच होते. ठाण्यात जयप्रकाशजी एवढेच म्हणाले, 'विनाशकाले विपरीत बुद्धि.'

मोरारजी देसाईंना त्यांच्या घरून उचलले. दोघांनाही हरियाणातल्या सोहना इथल्या विश्रामगृहात नेले, पण एकमेकांपासून वेगळे ठेवले.

पहाटे साडेचार

मंत्रिमंडळ सचिव बी. डी. पांडे यांचा फोन वाजला. सहाला बैठक आहे, मंत्र्यांना कळवा. कशासाठी, हे त्यांना माहीत नव्हते.

सकाळी 6

बैठक झाली. घोषणा सहा तासांपूर्वीच निघाली होती, त्यामुळे ठरवायचे काही उरले नव्हते. एक आणीबाणी आधीच चालू असताना दुसरी कशाला, अशा अर्थाचा प्रश्न संरक्षणमंत्री स्वर्णसिंग यांनी विचारला. वादापर्यंत गोष्ट गेली नाही.

या मंत्रिमंडळात यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री होते. कायदामंत्री होते हरि रामचंद्र गोखले, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. कलम 22 म्हणजे काय हे ज्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, असे अनेक जण या मंत्रिमंडळात होते. काहींनी ब्रिटिशांच्या तुरुंगात विनाचौकशी दिवस काढले होते.

सकाळी 8

आकाशवाणीवरून पंतप्रधान बोलल्या. राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरण्याचे कारण नाही.

सकाळी 10, बंगळूर

संसदीय समितीच्या कामासाठी गेलेले मधु दंडवते, अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र आमदार निवासात उतरले होते. रेडिओ ऐकून झाला होता. पोलीस आले तेव्हा कुणाला आश्चर्य वाटले नाही.

शुक्रवार, 27 जून, पहाटे 3

जयप्रकाशजींच्या अटकेला चोवीस तास पूर्ण झाले. रस्त्यावर पाकीट मारणाऱ्या माणसालाही या वेळेपर्यंत दंडाधिकाऱ्यापुढे नेले गेले असते. त्यांना नेले नाही, आणि कायद्याने ते नेण्याची गरजही नव्हती. ते आरोपी नव्हते, स्थानबद्ध होते. दंडाधिकाऱ्याच्या जागी उरले होते फक्त उच्च न्यायालय. बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करायची आणि सरकारला विचारायचे, या माणसाला कोणत्या अधिकाराने धरून ठेवले आहे?

त्याच दिवशी कलम 359 खाली राष्ट्रपतींचा आदेश निघाला. कलम 14, 21 आणि 22 यांच्या अंमलबजावणीसाठी कोणत्याही न्यायालयात जाण्याचा हक्क आणीबाणी असेपर्यंत स्थगित.

रविवार, 29 जून

वटहुकमाने मिसात कलम 16अ आले. आणीबाणीसाठी आवश्यक आहे, असे जाहीर केले की स्थानबद्धाला कारणे सांगायची गरज नाही. पुढच्या दुरुस्त्यांनी ही कारणे न्यायालयालाही दाखवायची नाहीत, इथपर्यंत मजल गेली. आंबेडकरांनी 1949 मध्ये घातलेल्या कुंपणाचा एकेक खांब असा काढला गेला. मिसाबंदी हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला तो याच पावसाळ्यात. येरवडा आणि नाशिकसारखे तुरुंग भरत गेले.

सप्टेंबर 1975

दिल्ली उच्च न्यायालयात पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या पत्नीची याचिका चालली. निकाल विरुद्ध जाणार हे दिसताच सरकारने नय्यर यांना सोडून दिले आणि आता निकालाची गरज नाही, असे सांगितले. न्यायमूर्ती एस. रंगराजन आणि आर. एन. अगरवाल यांनी तरीही निकाल वाचला: हुकूम कायद्यात बसत नव्हता. पुढे रंगराजन यांची बदली गुवाहाटीला झाली. अगरवाल यांना पुन्हा सत्र न्यायाधीश करण्यात आले.

इतर उच्च न्यायालयेही डगमगली नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी मान्य केले की कलम 21 स्थगित असले तरी हुकूम मिसाच्या चौकटीत आहे की नाही, अधिकाऱ्याने आकसाने काढला आहे की काय, एवढे आम्ही तपासू शकतो. सरकार या सगळ्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. पहिले अपील जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याचे, म्हणून खटल्याला त्याचे नाव.

डिसेंबर 1975, सर्वोच्च न्यायालय

पाच न्यायमूर्ती बसले: सरन्यायाधीश अजितनाथ रे, एच. आर. खन्ना, एम. एच. बेग, पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड आणि पी. एन. भगवती. स्थानबद्धांच्या बाजूने शांती भूषण, सोली सोराबजी, सासवडचे वि. म. तारकुंडे आणि इतर अनेक. सरकारकडून महान्यायवादी नीरेन डे.

खन्ना यांनी डे यांना एक प्रश्न विचारला. समजा एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारले, तर त्यावर काही उपाय आहे का? डे यांनी कबूल केले की आणीबाणी आहे तोवर नाही. तुमच्या विवेकाला धक्का बसेल, माझ्याही बसतो, पण माझ्या युक्तिवादाचा तोच अर्थ होतो, असे ते म्हणाले.

न्यायालयाच्या दालनात हे उच्चारले गेले. डे यांनी ते लपवले नाही. इतका सरळ इशारा भारताच्या न्यायदालनात क्वचितच दिला गेला असेल. फेब्रुवारीत युक्तिवाद संपले. निकाल राखून ठेवला गेला.

सोमवार, 1 मार्च 1976, पहाटे, कालिकतजवळ

प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहातून पोलिसांनी एका विद्यार्थ्याला उचलले. फेब्रुवारीच्या शेवटी कायन्ना पोलीस ठाण्यावर नक्षलवाद्यांनी हल्ला केला होता. मुलाला कक्कयम इथल्या पोलीस तळावर नेले. तिथे माणसाला बाकावर बांधून त्याच्या मांड्यांवरून जाड लाकडी दंडुका दाबत फिरवायचे, अशी चौकशीची पद्धत होती.

कारण सांगितले नाही. वकील नाही. दंडाधिकारी नाही.

मंगळवार, 2 मार्च

चोवीस तास पूर्ण झाले. मुलगा याच दिवशी गेला, असे पुढे निष्पन्न झाले. मृतदेह कधीच सापडला नाही.

त्याचे वडील हिंदीचे प्राध्यापक. ते पोलीस तळावर गेले, मंत्र्यांना भेटले, अर्जांमागून अर्ज पाठवत राहिले. मुलगा आपल्या ताब्यात आहे, हे कुणी मान्य करीना. बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका अगदी अशाच बापासाठी असते. माझ्या मुलाला तुम्ही नेले, त्याला न्यायालयात आणून दाखवा, एवढीच तिची मागणी. पण न्यायमूर्ती खन्नांच्या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत अजून राखून ठेवलेले होते.

बुधवार, 28 एप्रिल 1976

निकाल लागला. चार विरुद्ध एक.

27 जूनचा आदेश लागू असेपर्यंत कुणालाही स्थानबद्धतेविरुद्ध उच्च न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार नाही. हुकूम कायद्याला सोडून असो, आकसाने काढलेला असो, ते तपासले जाणार नाही. रे, बेग, चंद्रचूड, भगवती यांचे यावर एकमत झाले. स्थानबद्धांची काळजी सरकार मातेच्या ममतेने घेते आहे, अशा अर्थाचे वाक्य बेग यांनी लिहिले. नऊ उच्च न्यायालयांचे निकाल रद्द झाले.

खन्ना वेगळे राहिले. जगण्याचा हक्क संविधानाने दिला म्हणून आला असे नाही, तो कायद्याचे राज्य असलेल्या कुठल्याही समाजात आधीपासून असतो, असे त्यांनी मांडले. हे लिहिल्याबद्दल आपले सरन्यायाधीशपद जाईल हे त्यांना माहीत होते. जानेवारी 1977 मध्ये ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

निकाल वाचला गेला तेव्हा कक्कयमच्या त्या मुलाला जाऊन 57 दिवस झाले होते.

मार्च 1977 आणि नंतर

आणीबाणी उठली. 27 जूनचा आदेश गेला. त्याच महिन्यात त्या प्राध्यापकाने केरळ उच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि न्यायालयाने सरकारला मुलाला हजर करायला सांगितले. हजर करता आले नाही. मुलगा पोलिसांच्या ताब्यातच नव्हता, अशी भूमिका सरकारने घेतली होती. के. करुणाकरन आणीबाणीत राज्याचे गृहमंत्री होते आणि आता मुख्यमंत्री झाले होते. महिनाभरातच त्यांना पद सोडावे लागले. बापाने विचारायला सुरुवात केली त्याला वर्ष उलटून गेले होते. विचारण्याचा हक्क मधल्या काळात शाबूत असता तर मुलगा वाचला असता, असे म्हणता येणार नाही, कारण त्याला दुसरा दिवसही पुरता मिळाला नाही. पण पोलीस तळावरच्या माणसांना त्या रात्री न्यायालयाची भीती असती. तीच तर चोवीस तासांच्या अटीमागची कल्पना आहे.

शाह आयोगाने हिशेब मांडला. आणीबाणीत मिसाखाली 34,988 जण स्थानबद्ध झाले होते. भारत संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षा नियमांखाली 75,818 जणांना अटक झाली होती.

संसदेने 44 वी घटनादुरुस्ती केली. 'अंतर्गत अशांतता'च्या जागी 'सशस्त्र उठाव' आला. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी मिळाल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येणार नाही, असे ठरले. बालचंद्रन यांनी रात्री सव्वाअकराला जे सांगितले होते ते आता घटनेत लिहिले गेले. कलम 20 आणि 21 कोणत्याही आणीबाणीत स्थगित करता येणार नाहीत, असेही ठरले. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात जबलपूरचा निकाल मोडीत काढला. तसे लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते, 1976 च्या बहुमतातल्या चंद्रचूडांचे चिरंजीव.

कलम 22 मात्र या सुरक्षित यादीत नाही. त्यातला स्थानबद्धांचा अपवादही 1949 साली होता तसाच आहे. महाराष्ट्रात 1981 पासून एमपीडीए हा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आहे. 'अमुक सराईताला एमपीडीएखाली वर्षभरासाठी स्थानबद्ध केले' ही बातमी जिल्हा पानावर अधूनमधून येते, आणि तीन ओळींत संपते. त्या माणसालाही चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचे बंधन नाही.

44 व्या दुरुस्तीच्या कलम 3 ने निदान काही बदलायचे ठरवले होते. सल्लागार मंडळापुढे न जाता तीन महिने धरून ठेवता येते, ती मुदत दोन महिन्यांवर आणायची होती. त्या मंडळावर कोण बसेल हे उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने ठरणार होते. दुरुस्तीची बाकीची कलमे 1979 मध्ये लागू झाली. कलम 3 लागू करण्याची अधिसूचना आजवरच्या कोणत्याही केंद्र सरकारने काढलेली नाही. त्या सरकारांत मिसाबंदीत राहून आलेल्यांचीही सरकारे होती.